उसाच्या बिलावर डॉक्टरकी : त्वेरला जाणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या आई-बापांसाठी



आडसाली लागणीचे दिवस आहेत आणि या अंकात हुमणीवर आणि बेणेप्रक्रियेवर लिहायचे ठरले होते. तो मजकूर शेतकी विभागाने पुढच्या पानावर दिलेलाच आहे. पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एक निराळीच चौकशी वाढली आहे. सभासद येतो तो शेअर्सच्या दाखल्यासाठी किंवा उसाच्या नोंदीसाठी. काम झाले तरी उठत नाही. टोपी हातात घेऊन घुटमळतो आणि मग हळूच म्हणतो, "साहेब, पोराला रशियाला डॉक्टरकीला धाडायचं म्हणतोय. एजंट बरा वाटतोय. तुमचं काय मत?"

मत द्यायला आम्ही रशिया पाहिलेला नाही, हे आधीच कबूल करतो. म्हणून ज्यांनी पाहिला त्यांना बोलावून घेतले. आपल्या नदीकाठच्या गटातील एका सभासदाची मुलगी त्वेर शहरात वैद्यकीच्या चौथ्या वर्षाला आहे. ती सुट्टीवर गावी आली होती. तिच्याबरोबर तिचे वडील आणि तिकडेच दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा असे तिघे कारखान्याच्या अतिथिगृहात दुपारभर बसले. त्यांनी सांगितलेले आणि आम्ही नियमांची कागदपत्रे चाळून ताडून पाहिलेले असे दोन्ही मिळून हा लेख झाला आहे.

त्वेर आणि जुन्नर

त्वेर हे मॉस्कोपासून वायव्येला साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर, व्होल्गा नदीच्या काठी वसलेले चार लाख वस्तीचे शहर आहे. मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग या मोठ्या लोहमार्गावर ते लागते. आठशे वर्षांहून जुने गाव. एके काळी तिथला राजा मॉस्कोच्या राजाशी बरोबरीने भांडत असे. १७६३ च्या आगीत शहर जळाले, मग कॅथरीन राणीने ते सरळ रस्त्यांचे नवे बांधून घेतले. प्रवासात उतरायला तिने बांधलेला राजवाडा आजही उभा आहे. १९३१ ते १९९० या काळात शहराचे नाव कालीनिन होते. त्यामुळे जुन्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर कालीनिन दिसले तर ते हेच गाव समजावे. १९४१ च्या हिवाळ्यात दोन महिने ते जर्मनांच्या ताब्यात होते. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ते अजून येते म्हणे.

पण आम्हाला या गावाची ओढ वाटली ती दुसऱ्याच कारणाने. इथला अफानासी निकितीन नावाचा व्यापारी १४७० च्या सुमारास समुद्रमार्गे चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. वास्को द गामा यायच्या पंचवीस-तीस वर्षे आधीची ही गोष्ट. बरोबर विकायला एक घोडा. पावसाळा जुन्नरात काढला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, आणि त्याच दिवसांत इथले लोक नांगरतात-पेरतात, हे पाहून त्याला नवल वाटले. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, असे बजावले. एका खोरासानी गृहस्थाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. वाटेत आस्त्राखानजवळ त्याची पुस्तके लुटली गेली होती. त्यामुळे आपले सण कोणत्या दिवशी आहेत हेही त्याला कळेना, अंदाजाने उपास धरायचा. कागद हरवल्यावर परमुलखात माणसाचे काय होते, याचा हा आम्हाला माहीत असलेला सर्वांत जुना दाखला.

आणखी एक बारीक नोंद त्याने केली आहे, ती आपल्या पत्रिकेत यायलाच हवी. इकडे घोड्यांना हरभरे चारतात आणि साखर घालून शिजवलेली खिचडी लोण्या-तुपासह देतात, असे तो लिहितो. त्वेरच्या माणसाने आपल्या मुलखातली साखर पाहिली ती अशी, घोड्याच्या तोंडात! परत जाताना तो दाभोळहून जहाजात बसला, पण घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. १९५७ साली आलेला नर्गिस आणि बलराज साहनी यांचा ‘परदेसी’ चित्रपट त्याच्यावरच होता, जुन्या सभासदांना आठवत असेल. त्वेरला व्होल्गाच्या काठी १९५५ पासून त्याचा पुतळा आहे आणि आपल्याकडे रेवदंड्यालाही स्मारक आहे. मुलगी म्हणाली, "काका, घरची फार आठवण आली की आम्ही त्या पुतळ्यापाशी जाऊन बसतो. हा माणूस जुन्नरचा चिखल तुडवून आलाय, एवढं आठवलं तरी बरं वाटतं."

आधी हिशेब

आता मुद्द्याकडे येऊ. फीचे आकडे आम्ही मुद्दाम देत नाही, ते दरवर्षी आणि दर विद्यापीठाला वेगळे असतात आणि एजंटाच्या तोंडी तर दर तासाला वेगळे असतात. पण हिशेब कसा करावा ते सांगतो. समजा, फी, वसतिगृह, जेवण, विमा आणि वर्षाआड एक विमानप्रवास धरून वर्षाला पाच लाख लागतात. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर एफआरपी टनाला ३५५० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात २८०० धरा. पाच लाखांना जवळजवळ १८० टन ऊस लागतो. एकरी चाळीस टन पडला तर साडेचार एकर. त्यात मशागत, खत, पाणीपट्टी, घरखर्च काहीच धरलेले नाही. आणि हे सहा वर्षे. आज लावलेली आडसाल दीड वर्षाने गाळपाला येणार, म्हणजे सहा वर्षांत त्या रानातून फार तर चार आडसाली निघतील. पाचवे-सहावे वर्ष कशावर काढायचे ते पहिल्याच वर्षी ठरवा.

दुसरी अडचण वेळेची. त्यांचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि फी तेव्हाच मागतात. आपला पट्टा पडतो नोव्हेंबरात. या दोन महिन्यांच्या फटीत सभासद सावकाराच्या दारी जातो. मुलीच्या वडिलांनी पहिल्या वर्षी सोसायटीचे पीककर्ज उचलून फीला घातले आणि ते वेळेत भरता आले नाही. व्याजाची सवलत गेली ती गेलीच, वर पुढच्या लागणीला खताला पैसा राहिला नाही. "त्या साली खोडवा नुसता देवाच्या भरवशावर सोडला," ते म्हणाले. तेव्हा पीककर्जाला हात लावू नका. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत मार्च-एप्रिलातच बसा. फी हप्त्याने घेतात का, ती रूबलमध्ये ठरली आहे की डॉलरमध्ये, हेही करारातच वाचून घ्या. रूबलचा भाव खाली-वर होतो, डॉलरचा आपल्याला बहुधा वरच गेलेला दिसतो.

एजंटाला काय विचारावे

एक गोष्ट पहिल्यांदा पक्की ध्यानात घ्या. राष्ट्रीय वैद्यक आयोग परदेशी महाविद्यालयांची मान्यता-यादी काढत नाही. तेव्हा ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ अशी पाटी कोणी दाखवली तर तिला चौकातल्या फ्लेक्सइतकीच किंमत द्या. आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम केले आहेत, ते त्या विद्यापीठात पाळले जातात का एवढेच विचारायचे. शिक्षण किमान ५४ महिन्यांचे हवे. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. माध्यम इंग्रजी हवे. सगळे शिक्षण एकाच संस्थेत व्हायला हवे, मध्येच दुसऱ्या गावी बदली चालत नाही. मिळणारी पदवी त्या देशात तिथल्या नागरिकांप्रमाणे डॉक्टरी करायला चालणारी हवी. परत आल्यावर स्क्रीनिंग परीक्षा आणि इकडे पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप.

यात फसगत होते ती माध्यमाची आणि इंटर्नशिपची. काही ठिकाणी पहिली तीन वर्षे इंग्रजी आणि पुढे रशियन, असा प्रकार असतो. पोरगं तिसऱ्या वर्षात गेल्यावर ते कळते आणि तेव्हा मागे फिरता येत नाही. सबब सहाही वर्षे इंग्रजीतून शिकवू आणि बारा महिन्यांची इंटर्नशिप देऊ, असे विद्यापीठाच्या कागदावर, विद्यापीठाच्या शिक्क्याने लिहून घ्या. एजंटाच्या लेटरहेडवर नको.

नीट पात्र झाल्याशिवाय जाऊ नये. "नंतर देता येते" म्हणणारा माणूस खोटे बोलतो आहे. स्क्रीनिंग परीक्षा वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न असतात आणि १५० बरोबर यावे लागतात. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात दर खेपेला बसणाऱ्यांपैकी बहुतेक मुले नापास होतात. पाच-पाच वेळा बसलेले तरुण आपल्या तालुक्यातही आहेत, ते एजंटाच्या कार्यक्रमात व्यासपीठावर दिसत नाहीत इतकेच.

मुलाला खरोखर डॉक्टर व्हायचे आहे का, हेही एकदा त्याला एकट्याला विचारा. शेजाऱ्याचा गेला म्हणून आपला, हे सबमर्सिबल पंपाला चालते.

कागद

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, एचआयव्ही तपासणीचा दाखला, विद्यापीठाने रशियाच्या गृहखात्याकडून मिळवलेले निमंत्रणपत्र, एवढ्यावर व्हिसा मिळतो. पासपोर्टाची दोन वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर आधी नवा काढा. पहिला व्हिसा तीन महिन्यांचाच आणि एकदाच आत जाण्यासाठी असतो. तो पाहून घरचे घाबरतात, पण तशीच रीत आहे. पुढे विद्यापीठामार्फत वाढवून घ्यायचा. मात्र तो वाढेपर्यंत देशाबाहेर पडता येत नाही, तेव्हा दिवाळीला येण्याचे तिकीट आधी काढून ठेवू नका.

विमानतळावर उतरल्यावर एक लहानसा कागद मिळतो, त्याला मायग्रेशन कार्ड म्हणतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने तो बोर्डिंग पासबरोबर खिशात चुरगळला आणि तिसऱ्या दिवशी पँट धुतली. "लगदाच झाला, काका," तो म्हणाला. नव्या नकलेसाठी त्याला चार खेटे घालावे लागले. हा कागद पासपोर्टात ठेवायचा आणि देश सोडेपर्यंत जपायचा.

आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत राहत्या पत्त्याची नोंदणी व्हावी लागते. ती वसतिगृह किंवा विद्यापीठ करते, पण पासपोर्ट आणि कार्ड घेऊन पहिल्या-दुसऱ्या दिवशीच कचेरीत हजर व्हायचे काम आपले. गावी येऊन परत गेले की पुन्हा नवी नोंदणी. बाहेर खोली घेऊन राहायचे असेल तर घरमालक नोंदणी करायला तयार आहे का, हे भाड्याच्या आधी विचारायचे. पुष्कळ मालक नको म्हणतात. शिवाय तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत बोटांचे ठसे, फोटो आणि वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. हा नियम २०२१ च्या डिसेंबरअखेर आला, त्याआधी गेलेल्या मुलांना तो माहीत नसतो. म्हणून ‘दादाला विचारून घेतो’ यावर विसंबू नये.

सगळ्या कागदांच्या तीन नकला. एक घरी आईच्या ट्रंकेत, एक मुलाच्या बॅगेत, एक फोनमध्ये. निकितीनची पुस्तके आठवा.

पैसा नेणे आणि पाठवणे

मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांनी तिथला व्यवहार थांबवला आहे. आपल्या बँकेचे कार्ड तिथे यंत्रात चालत नाही. पुष्कळ रशियन बँकांशी परदेशी पैशाची देवाणघेवाणही बंद आहे. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांचा खर्च रोख न्यावा लागतो. एरवी प्रवाशाला तीन हजार डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, पण रशियाला जाणाऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेने सगळे परकी चलन नोटांत घ्यायची मुभा ठेवली आहे. बँकेतल्या पोराला हे ठाऊक नसेल तर वरच्या साहेबाला विचारा. नोटा नव्या, कोऱ्या, शाई न लागलेल्या घ्या, चुरगळलेली नोट तिथे घेत नाहीत. दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असतील तर त्यांच्या कस्टमला लिहून द्यावे लागते. नोटा बदलायच्या त्या बँकेतच. वसतिगृहाच्या जिन्यात चांगला भाव देणारा भेटेल, त्याच्याकडे मुळीच नको.

तिथे पोचल्यावर मुलाने स्थानिक बँकेत खाते उघडून ‘मीर’ कार्ड घ्यावे. इकडून पैसा पाठवायचा तर विद्यापीठाचे खाते कोणत्या बँकेत आहे आणि आपल्या बँकेकडून तिथे जातो का, ते निघण्यापूर्वी शंभर डॉलर पाठवून पाहा. ‘तुमचे रुपये माझ्या घरी द्या, तुमच्या पोराला मी तिकडे रूबल देतो’ हा मार्ग सोपा दिसतो, पण बेकायदा आहे.

पहिला हिवाळा

बर्फ नोव्हेंबरात पडतो तो एप्रिलपर्यंत हलत नाही. जानेवारीत उणे आठ-दहा हे नेहमीचे, आणि अधूनमधून उणे पंचवीसही होते. पण मुलगी म्हणते, थंडीपेक्षा अंधार जड जातो. डिसेंबरात जेमतेम सात तासांचा दिवस. सकाळी कॉलेजला जाताना अंधार, परत येताना अंधार. पहिल्या वर्षी ती तीन आठवडे खोलीतून बाहेर पडेना, जेवेना. "आप्पांना फोनवर सांगायचे सगळं बरं आहे. त्यांनी तिकडं रान गहाण टाकलंय, त्यांना काय सांगू?" हे ती वडिलांच्या समोर पहिल्यांदाच बोलली. आप्पा खिडकीबाहेर बगॅसच्या ढिगाकडे पाहत राहिले. तेव्हा आयांनी आणि बापांनी ‘बरी आहेस ना?’ असे विचारू नये, त्याला उत्तर ठरलेले असते. आज काय खाल्लं, कोणाबरोबर खाल्लं, असे विचारावे.

कपड्यांचे म्हणाल तर पुण्या-मुंबईत महागडे कोट घेऊ नका. अंगालगतचे गरम कपडे, लोकरीचे मोजे इथून न्या. कोट आणि बूट तिथेच घ्या. बूट एक नंबर मोठा, तळ खडबडीत. कान झाकणारी टोपी. ओल्या केसांनी बाहेर पडायचे नाही. रस्त्याने चालताना भिंतीलगत नको, छपरावरून बर्फाचे सुळे पडतात. आत मात्र सगळीकडे उबारा असतो, कॉलेजात शिरताना कोट ‘गार्देरोब’मध्ये टांगावाच लागतो, कोट घालून वर्गात गेलेले चालत नाही. तेव्हा आत नीट कपडे हवेत.

सर्दी-तापाची औषधे न्या, पण कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या नेऊ नका, तिथे ती कायद्याच्या कचाट्यात येतात. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आरोग्य विम्याची पॉलिसी लागतेच. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०३.

खाणे आणि अभ्यास

जेवणाची काळजी आयांना फार असते आणि ती सगळ्यात कमी करण्याजोगी आहे. तांदूळ, बटाटे, कोबी, कांदा, अंडी, वाटाण्याची आणि मसूर-डाळ मिळते. ‘ग्रेच्का’ नावाचे धान्य मिळते, तो आपला कुट्टू. ‘केफिर’ म्हणजे ताकाचा थोरला भाऊ. ‘त्वारोग’ पनीरासारखे. मसाला, हळद, हिंग आणि लहान कुकर नेला की पिठलं-भात होतो. ज्वारीचे पीठ मात्र मिळत नाही. साखरही न्यायला नको. ती बीटाची, आणि आपल्या डोळ्याला अगदी आपल्यासारखीच. रशिया हा बीट पिकवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे, पण ते पीक दक्षिणेकडे कुर्स्क, वरोनेझ, क्रास्नोदारकडे. त्वेरकडे पूर्वापार जवस, धाग्यासाठी लावलेले. बीटाचे कारखाने पानझडीच्या दिवसांत सुरू होतात आणि थंडीत गाळप चालते. पुढे कधी तिकडचा बीट कारखाना कोणी विद्यार्थ्याने पाहिला तर आम्हाला जरूर लिहावे, पानाची जागा राखून ठेवू.

अभ्यासाची पद्धत निराळी. परीक्षा पुष्कळशा तोंडी. गुण पाचापैकी, दोन म्हणजे नापास. एकही तास बुडवला तर तो ‘अत्राबोत्का’ करून भरून द्यावा लागतो, म्हणजे त्या शिक्षकाला गाठून तो धडा पुन्हा म्हणून दाखवायचा. दहा तास बुडाले की दहा शिक्षकांच्या मागे फिरणे आले. शिकवणे इंग्रजीत असले तरी रुग्ण रशियनच बोलतो. म्हातारीला कुठे दुखते हे तिच्या भाषेत विचारता आले नाही तर तीन वर्षांचे इस्पितळातले शिक्षण भिंतीला टेकून उभे राहण्यात जाते. पहिल्या वर्षी रशियन मन लावून शिका. आणि तिसऱ्या वर्षापासून रोज तासभर स्क्रीनिंग परीक्षेचे प्रश्न, परत आल्यावर क्लास लावू म्हणून थांबू नका.

तीन धोके

पहिला नदीचा. व्होल्गा शहराच्या मधून वाहते. हिवाळ्यात गोठते, लोक तिच्यावर बसून भोके पाडून मासे धरतात. ते पाहून आपली पोरे फोटोसाठी आत जातात. त्या माणसांना बर्फ कुठे जाड आणि कुठे पोकळ हे जन्मापासून ठाऊक असते. पुलाखाली आणि सांडपाणी सुटते तिथे तो पातळच राहतो. उन्हाळ्यात वेगळा धोका. जून २०२४ मध्ये वेलीकी नोव्गोरोद या दुसऱ्या जुन्या शहरात वोल्खोव नदीत महाराष्ट्रातले चार वैद्यकीय विद्यार्थी बुडून वारले. संध्याकाळी काठावर फिरायला गेले होते. एक जण पाण्यात अडचणीत आला आणि त्याला काढायला बाकीचे उतरले. आपली पोरे विहिरीत, कालव्यात पोहलेली असतात, म्हणून त्यांना पाण्याची भीती नसते. पण तिथले पाणी जूनमध्येही इतके गार असते की हातपाय आखडतात. नदीत उतरायचे नाही. दुसरा बुडत असेल तर ओढणी, दोर, फळकूट फेकायचे, ११२ ला फोन करायचा, स्वतः उडी टाकायची नाही. हे वाक्य मुलाकडून निघण्यापूर्वी तोंडपाठ म्हणवून घ्या.

दुसरा धोका युद्धाचा. फेब्रुवारी २०२२ पासून रशिया-युक्रेन युद्ध चालू झाले. त्वेर सीमेपासून दूर आहे, पण ड्रोनच्या भीतीने मॉस्कोचे विमानतळ काही वेळा तासन् तास बंद राहिले आहेत. तेव्हा पुढच्या गाडीचे तिकीट घट्ट वेळेचे काढू नये. याहून मोठी गोष्ट सैन्यभरतीची. मदतनीस, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक अशा नोकरीचे आमिष दाखवून काही भारतीय तरुणांकडून सैन्याच्या करारावर सह्या घेतल्या गेल्या आणि त्यांतले काही आघाडीवर मारले गेले. २०२४ मध्ये याचा बराच गाजावाजा झाला, आपल्याकडे एजंटांवर सीबीआयने गुन्हे दाखल केले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पुन्हा बजावले की अशी कोणतीही नोकरी धरू नका. फी थकलेल्या मुलाला हे आमिष लवकर लागते. म्हणूनच बापाने मुलाला स्पष्ट सांगावे : फी थकली तर घरी ये, सही करू नकोस. न समजणाऱ्या रशियन कागदावर कसलीही सही नको.

तिसरा धोका फोनवर येतो. एक पुडके इथून उचलून तिथे लपवून ठेव, हजारो रूबल मिळतील. ती मादक पदार्थांची पुडकी असतात आणि तिथला तुरुंग वर्षांच्या हिशेबात असतो.

बोलणे कसे व्हायचे

फेसबुक आणि इन्स्टाग्राम तिथे २०२२ पासून बंद आहेत. ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सॲपवरून बोलणेही अडवले गेले. परदेशी माणसाला सिमकार्ड मिळायला २०२५ पासून आवाज-चेहऱ्याची नोंद आणि विमा क्रमांक लागतो, त्यात दिवस जातात. सबब पोचल्यावर आठवडाभर फोन आला नाही तर घरात रडारड नको. जाण्यापूर्वीच ठरवा : दर रविवारी आपल्या रात्री नऊला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी साडेसहाला, आणि तो चुकला तर कोणत्या मित्राच्या नंबरावर. त्या मित्राच्या घरच्यांचाही नंबर लिहून घ्या. मॉस्कोतल्या आपल्या दूतावासात विद्यार्थ्याची नोंद करायला विसरू नये.

लोक कसे आहेत, असे आम्ही शेवटी विचारले. मुलगी म्हणाली, रस्त्यात कोणी हसत नाही, त्याचा राग मानू नये. वसतिगृहाची ‘कमेन्दांत’ बाई पहिले सहा महिने नुसती खेकसत होती. हिला ताप आला तेव्हा तिनेच रासबेरीचा मुरंबा घातलेला चहा आणून उशाशी ठेवला. रात्री मात्र दारुड्या टोळक्यापासून लांब राहावे आणि दोघी-तिघींनी मिळूनच फिरावे. कोणाच्या घरी फुले न्यायची तर विषम संख्येत. सम फुले मयतीला नेतात. ती पहिल्या वर्षी शिक्षकदिनाला मोजून चार गुलाब घेऊन गेली होती!

उठताना आप्पांनी विचारले, "परत जाताना हिच्याबरोबर काय देऊ?" मुलगी म्हणाली, "गूळ द्या. साखर आहे तिकडं."

तिने रोजच्या वापरातले पन्नासेक रशियन शब्द देवनागरीत लिहून दिले आहेत. त्यांच्या झेरॉक्स प्रती आणि एजंटाला विचारायच्या प्रश्नांचा कागद प्रत्येक गट कार्यालयात ठेवला आहे, पैसे नाहीत. ज्यांच्या हातात एजंटाचा करार आहे त्यांनी सही करण्यापूर्वी तो घेऊन कोणत्याही सोमवारी दुपारी तीननंतर शेतकी कार्यालयात यावे. मुलालाही बरोबर आणावे.